पावणेदोन हात माती

महाराष्ट्रात पाण्यावर जेवढे बोलले जाते, त्याच्या दशांशही मातीवर बोलले जात नाही. धरणांत किती टक्के साठा झाला हे पावसाळ्यात रोज छापून येते. कोणत्या तालुक्यात किती टँकर सुरू झाले, कोणत्या गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली, याच्या बातम्या होतात आणि त्यावर विधानसभेत वादही होतात. यंदाच्या पावसात आपल्या तालुक्यातल्या शेतांतून किती माती गेली, हा प्रश्न मात्र ग्रामसभेत कोणी विचारत नाही आणि तहसील कार्यालयातही नाही. या पुस्तकातल्या लेखांचा विषय तोच न विचारलेला प्रश्न आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा पुरंदर, बारामतीपासून कर्जत, जामखेड, करमाळा, सांगोला, आष्टी, पाटोद्यापर्यंतचा मुलूख ही त्याची भूमी. लेख लिहिणाऱ्यांत मृदाशास्त्राचे अभ्यासक आहेत, जलसंधारणाच्या कामावर उभे राहिलेले अभियंते आहेत आणि आयुष्यभर कोरडवाहू जमीन कसलेले शेतकरीही आहेत. सगळ्यांची मते एक नाहीत आणि ती एक करण्याचा खटाटोप संपादकांनी केला नाही, हे चांगले झाले.

मला प्रस्तावनेत एकच मुद्दा मांडायचा आहे. कोरडवाहू मुलखात माती आणि पाणी ही दोन वेगळी खाती नाहीत. मातीची खोली हेच तिथले सर्वांत मोठे धरण आहे आणि ते दर वर्षी थोडे थोडे उथळ होत चालले आहे.

मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या मुळांना ओढून घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. वीतभर मुरमाड जमिनीत ते तीस-चाळीस मिलिमीटरच्या पुढे फारसे जात नाही. हस्ताचा पाऊस दोन्ही शेतांवर सारखाच पडतो. खोल जमिनीतली रब्बी ज्वारी त्या ओलीवर फेब्रुवारीपर्यंत तग धरते, कणसे भरते, कडबाही देते. उथळ जमिनीतली ज्वारी पोटरीत येता येता करपते. पर्जन्यमापकाच्या नोंदीत त्या गावात पाऊस सरासरीइतका झालेला असतो आणि तरीही गावाच्या अर्ध्या शिवारात दुष्काळ असतो. हा दुष्काळ आभाळाने आणलेला नाही. वरची वीतभर माती गेल्यामुळे साठवण कमी झाली, त्याचा तो परिणाम आहे.

ही माती किती वेगाने जाते? देशपातळीवरचा, अजूनही आधाराला घेतला जाणारा अंदाज १९८३ सालचा आहे. ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी भारतातून दर वर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी सरासरी १६.४ टन, असे मांडले. त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली कुठेतरी खालच्या अंगाला जाऊन पडते. हेक्टरी सोळा टन हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण डोळ्यांना तो दिसत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. हेक्टरभर जमिनीवरचा एक मिलिमीटर जाडीचा थर सुमारे तेरा टन भरतो. सोळा टन म्हणजे वर्षाला सव्वा मिलिमीटर. एका वर्षात ते कोणाच्या लक्षात येणार? पण याच हिशेबाने वीस वर्षांत एक इंच जातो, आणि बेसॉल्ट खडकापासून तेवढी माती नव्याने तयार व्हायला कित्येक शतके लागतात. बापाने मुलाच्या नावे जमीन केली तेव्हा सातबाऱ्यावरचे क्षेत्र तेवढेच राहते. हातात आलेली जमीन मात्र बापाला मिळाली होती तेवढी नसते.

इस्रोच्या उपग्रहचित्रांवरून तयार झालेल्या नकाशांनुसार २०१८-१९ मध्ये देशाच्या भूभागापैकी ९.७८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळजवळ तीस टक्के जमीन ऱ्हास पावत होती. महाराष्ट्रातले प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. वाळवंटीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरची वाळू येते. आपल्याकडे ते वाऱ्याने येत नाही, पाण्याने येते. आणि त्याचा रंग उघड्या पडलेल्या मुरमाचा असतो.

पाऊस कमी असलेल्या भागात पाण्याने धूप जास्त होते हे अनेकांना उलटे वाटते. त्याचे कारण पावसाच्या वागण्यात आहे आणि आपल्या पीकपद्धतीतही आहे. या पट्ट्यात वर्षाचा पाऊस पाच-सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण त्यातला मोठा वाटा मोजक्या जोरदार सरींत पडून जातो. रब्बीच्या भारी जमिनी खरिपात मोकळ्या ठेवायच्या, कुळवाच्या पाळ्या देऊन तण मारायचे, ओल मुरवायची आणि सप्टेंबरअखेर ज्वारी पेरायची, ही इथली जुनी रीत. ओल साठवण्याच्या दृष्टीने ती शहाणपणाची होती. पण तिचा अर्थ असाही होतो, की ऐन पावसाळ्यात शेत उघडे असते. उन्हाळ्यात तडकलेल्या काळ्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की भेगांतून पाणी सरळ खाली उतरते. चार-सहा चांगले पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन पाणी अगदी सावकाश पिते. त्यावर तासाभरात पन्नास मिलिमीटर कोसळले, तर ते वाहणारच. वाहताना ते आधी उचलते ते सर्वांत बारीक कण आणि सेंद्रिय अंश. ओल आणि अन्नद्रव्ये धरून ठेवणारा भाग तोच. बांधाच्या कोपऱ्यातून जाणारे गढूळ पाणी म्हणजे शेताची निवडक, सर्वांत मोलाची माती असते.

हे पाहायचे असेल तर जानेवारीच्या अखेरीस जामखेड-करमाळ्याच्या बाजूला थोड्या उताराच्या कोणत्याही ज्वारीच्या रानात जावे. वरच्या बांधाला उभे राहिले की जमीन फिकट, राखाडी दिसते. पायाखाली चुनखडीचे पांढरे खडे लागतात. इथली ज्वारी कमरेइतकी, कणीस मुठीत मावेल एवढे. पन्नास पावले उतरत गेले की रंग गडद होतो, ताटे खांद्याला लागतात. खालच्या बांधाशी ती डोक्यावरून जातात, आणि तिथे माती इतकी साठलेली असते की वरच्या बाजूने बांध गुडघाभर दिसतो, खालच्या बाजूने छातीइतका. वाण एकच, पेरणी एकाच दिवसाची, पाऊसही तोच. बांधावर जुने लिंबाचे झाड असेल तर त्याच्या उघड्या मुळ्या पाहाव्यात. झाड लावले तेव्हा जमिनीची पातळी कुठे होती ते त्यावरून कळते. शेजारी विहीर असली तर तिच्या काठाशी कापलेला थर पाहावा: वर काळी, तिच्याखाली चुनखडीची पिवळट, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक. या चारांपैकी पीक येते ते पहिल्यात आणि थोडेफार दुसऱ्यात.

खोलीचे हे महत्त्व कधीकाळी सरकारदरबारी पुरते ठाऊक होते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याची जमीनमोजणी सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. त्यातली प्रतबंदी आजही वाचण्याजोगी आहे. प्रत्येक शेताचे रेघा मारून भाग पाडायचे, भागाभागात खणून मातीचा पोत आणि खोली पाहायची, आणि त्यावरून आणे ठरवायचे. चांगल्या पोताची पावणेदोन हात खोल जमीन सोळा आणे. तिथून उतरत उतरत नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. त्यावर दोषांच्या खुणा वेगळ्या: चुनखडीचे मिश्रण, वाळू, उतार, वाहत्या पाण्याने माती खरवडली जाण्याचा धोका. दोष सापडला की प्रत खाली. हेतू सारा वसूल करण्याचा होता, रयतेच्या कल्याणाचा नव्हता, आणि त्या वसुलीने दख्खनच्या शेतकऱ्याचे काय झाले हे इतिहासाला माहीत आहे. तरी एवढे मान्य केले पाहिजे की त्या कारकुनाने शेतात खड्डा खणला होता. २०१५ मध्ये सुरू झालेली आपली मृदा आरोग्य पत्रिका बारा गोष्टी सांगते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आहेत. जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन आहेत. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्बही आहे. माती किती खोल आहे आणि जमिनीला उतार किती आहे, या दोन गोष्टींना तिच्यात रकाना नाही. खत किती टाकावे हे ती पत्रिका सांगू शकते. ते खत जिच्यात राहायचे ती माती किती उरली आहे, हे सांगू शकत नाही.

उपाय माहीत नव्हते असेही नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची घरोघर पाहणी करून १९२१ मध्ये अहवाल छापला. बहुतेक कुटुंबांचा जमिनीवर निभाव लागत नाही, हे त्यातून उघड झाले. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूरला केंद्रे निघाली. त्यातून जी ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धत’ पुढे आली, तिच्यात आजच्या शिफारशींचा गाभा आहे: बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, पावसाआधी आणि पावसात कुळवाच्या पाळ्या, कमी बियाणे, दोन ओळींत अठरा इंच अंतर आणि पुन्हा पुन्हा कोळपणी. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपल्याकडचा शेतकरी म्हणतोच. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत राहतो, भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही. मोहोळच्या निवडीतून आलेली मालदांडी ३५-१ ही याच काळातली ज्वारी. तिच्याहून जास्त उत्पादन देणारे वाण पुष्कळ आले, पण भाकरी आणि कडबा या दोन्हींसाठी तिला सोडायला शेतकरी अजून तयार नाहीत.

मग शंभर वर्षांत अडले कुठे? या पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे लेख याच प्रश्नाभोवती आहेत, आणि त्यांच्याशी मी सहमत आहे. अडले ते बांधाच्या मालकीपाशी.

मुंबई इलाख्यात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि समपातळी बांधांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीत लाखो हातांनी बांध घातले, पाझर तलाव खोदले. उन्हात माती वाहिलेल्या त्या बायाबापड्यांचे ऋण या राज्याने कधी पुरते मानले नाही. पण समपातळी रेषेला शेताची हद्द माहीत नसते. ती चार जणांच्या रानातून नागमोडी जाते. कोणाचा तुकडा मधोमध तोडते, कोणाच्या औताला वळण घ्यायला लावते. आपल्याकडे भावाभावांच्या वाटण्या होतात त्या पुष्कळदा उताराच्या दिशेने, उभ्या पट्ट्यांत. कारण वरची हलकी आणि खालची भारी जमीन प्रत्येकाला सारखी मिळावी. न्यायाच्या दृष्टीने ती वाटणी चोख असते. पण पट्टा अरुंद झाला की नांगरट उताराला समांतर होते, आणि प्रत्येक तास पाण्याला वाट देतो. सरकारी बांध मध्ये आला तर तो पहिल्या दोन-तीन हंगामांत नांगराने थोडा थोडा खाल्ला जातो. भारी काळ्या जमिनीत तर हे बांध तांत्रिकदृष्ट्याही चुकत होते. उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडायच्या, पावसात त्यांतून पाणी घुसून तो फुटायचा, किंवा फुटला नाही तर वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळे पडायचे. अशा जमिनींना थोडा ढाळ दिलेले बांध आणि पक्का सांडवा हवा, हे पुढे शिफारशींत आले. तोवर ‘सरकारी बांध’ म्हणजे आपल्या रानातली नसती ब्याद, हे शेतकऱ्यांच्या मनात बसले होते. सांडव्याचे दोन दगड निखळले तर ते कोणी बसवायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. फुटलेला बांध बांध नसण्यापेक्षा वाईट. सगळे पाणी एका जागी गोळा करून तो ते एकाच वाटेने सोडतो आणि तिथे ओघळीची घळ होते.

जिथे पाणी मुबलक आले तिथेही माती वाचली नाही, हे नीरा खोऱ्याने फार आधी दाखवले. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामतीच्या दुष्काळी रानांत ऊस उभा राहिला. पंचवीस वर्षांत मॅन आणि तम्हाणे यांना ‘नीरा खोऱ्यातील खारट जमिनी’ या विषयावर पुस्तिका लिहावी लागली. ती १९१० ची आहे. निचरा न होणाऱ्या भारी जमिनीला बारमाही पाणी दिले की भूजल वर येते, केशाकर्षणाने क्षार वर चढतात, पाणी उडते आणि क्षार वरच राहतात. शेतावर पांढरा थर धरतो, जमीन क्षारपड होते. सोडियम वाढले तर ती चोपण होते: ओली असता लोण्यासारखी चिकट, वाळली की दगड. जिप्सम, हिरवळीचे खत, उघडे चर, जमिनीखालून सच्छिद्र पाइपांचा निचरा, हे सगळे उपाय आहेत. पण चराला पुढे वाट खालच्या शेतकऱ्याच्या रानातूनच काढावी लागते. म्हणजे प्रश्न पुन्हा बांधापलीकडच्या माणसापाशी येतो.

त्या माणसाला बरोबर घेतल्याची उदाहरणेही याच मुलखात आहेत. बहात्तरच्या दुष्काळाने हललेल्या विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदरमधल्या नायगावला चाळीस एकर उजाड माळ भाड्याने घेऊन तिथे बांधबंदिस्तीपासून काम सुरू केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही. हिवरे बाजारने पाणलोटाची कामे केली, त्याच्या जोडीला शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायला सुरुवात केली. फादर हर्मन बाखर यांनी माथा ते पायथा या क्रमावर आग्रह धरला: आधी डोंगरमाथ्यावरचे समतल चर आणि झाडे, मग शेताचे बांध, आणि शेवटी नाल्यातली कामे. गेल्या काही वर्षांत आपण हा क्रम उलटा केला, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र लावून नाला खोल-रुंद केला की चार दिवसांत काम दिसते आणि पहिल्या पावसात पाण्याचा फोटो मिळतो. वरची माती मात्र तशीच वाहत राहते आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याच नाल्यात येऊन बसते. २०१७ पासून तलावांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राज्यात आहे. हलक्या जमिनीला तो गाळ वरदान ठरतो, हे मी पाहिले आहे. तो तपासल्याशिवाय आणि जाड थराने टाकू नये, एवढे पथ्य पाळले तर योजना चांगलीच आहे. पण गाळ म्हणजे वरच्या शेतांतून गेलेलीच माती. ती डिझेल जाळून परत वर नेण्यापेक्षा वरच अडवणे स्वस्त पडते.

सेंद्रिय कर्बाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. काळी जमीन काळी आहे म्हणून तिच्यात भरपूर सेंद्रिय अंश आहे, असे नव्हे. आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनींत कर्बाचे प्रमाण पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असते. इथल्या उन्हात तो भराभर जळतो आणि आपण परत काही देत नाही. शेण गोवऱ्यांना जाते, कडबा गोठ्यात किंवा बाजारात जातो, तुराट्या-पऱ्हाट्या चुलीत किंवा बांधावरच पेटवल्या जातात. बैल गेले, तेव्हा शेणखतही गेले. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला रानात घालणे, खरिपात मोकळ्या राहणाऱ्या रानात मूग-उडीद घेऊन त्याची पाने तिथेच कुजू देणे, उताराला आडवे सारे पाडून रब्बीसाठी पाणी जिरवणे, ही कामे कमी खर्चाची आहेत आणि सोलापूरच्या प्रयोगांनी तपासलेली आहेत. त्यांत ठेकेदाराला काही मिळत नाही, म्हणूनच बहुधा त्यांच्या जाहिराती होत नाहीत. पुढच्या एका लेखात त्यांचा तपशील आहे. तो घाईने उलटू नये.

वाचकांपैकी जे शेती कसतात त्यांना एक विनंती. येत्या मे महिन्यात, वळवाच्या आधी, आपल्या रानात वरच्या बांधाशी एक, मध्ये एक आणि खाली एक असे तीन खड्डे मुरूम लागेपर्यंत खणा. तिन्हींची खोली वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि ती वही सातबाऱ्यासोबत ठेवा. जे कृषी खात्यात आहेत त्यांच्याकडे मागणी आहे: मृदा आरोग्य पत्रिकेत खोली आणि उतार हे दोन रकाने वाढवा. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. पहार, टिकाव आणि मोजपट्टी पुरते.